शब्द पाठ झाले, वाचन राहिलं

२००७ साली माझ्या वडिलांचा स्कॅन झाला. शिरेतून औषध टोचून, त्याच्या आधाराने आतलं चित्र काढतात, तो. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती : ‘विथहोल्ड मेटफॉर्मिन फॉर फॉर्टी-एट अवर्स’. माझी भाची तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने ओळ वाचली आणि म्हणाली, ‘‘मामा, आजोबांची साखरेची गोळी दोन दिवस नीट धरून ठेवायचीय. एकही चुकवायची नाही.’’ पाण्याचा पेला भरलेला होता. तेवढ्यात दुसऱ्याच कामासाठी आमच्या डॉक्टरांचा फोन आला, सहज विचारलं, आणि उलगडा झाला. गोळी दोन दिवस द्यायचीच नव्हती. टोचलेल्या औषधाने मूत्रपिंडावर ताण आला, तर मेटफॉर्मिन शरीरात साठून राहण्याचा धोका असतो, म्हणून ती सूचना.

भाचीला मेटफॉर्मिन माहीत होतं. अठ्ठेचाळीस तास कळत होते. ‘विथ’ आणि ‘होल्ड’ तर शाळेपासून ओळखीचे. शब्द सगळे येत होते, वाक्य कळलं नाही. ती रडली. मी मात्र रात्रभर स्वतःला विचारत राहिलो, की चांदवडच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी या मुलींना नेमकं काय शिकवलं?

पुढच्या रविवारपासून आमच्या ओसरीवर वाचनाचा वर्ग सुरू झाला. गावातल्या रुग्णालयांतल्या परिचारिका, आसपासच्या खेड्यांतल्या उपकेंद्रांच्या सिस्टर, औषधाच्या दुकानातली मुलं, फार्मसीचे विद्यार्थी, कधी एखादा लॅब टेक्निशियन असे लोक येत गेले. त्या वर्षांकडे मागे वळून पाहताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो. पण त्याची मुळं आमच्या ओसरीपेक्षा पुष्कळ जुनी आहेत.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं ते इंग्रजीतून. भाऊ दाजी लाड हे तिथल्या पहिल्या तुकडीतले. इंग्रजी पक्की असलेले असे विद्यार्थी थोडे आणि मुलूख मोठा, म्हणून १८६१च्या सुमारास त्याच कॉलेजात मराठी आणि गुजरातीतून वैद्यक शिकवणारा वर्ग निघाला. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी त्या काळात मराठीत वैद्यकावर पुस्तकं लिहिली. पुढे १८७८ साली पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल आलं. आधुनिक वैद्यक मराठीतून सांगता येतं, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. तो धागा पुढे तुटला आणि वैद्यकाची भाषा इंग्रजीच झाली. १९६०मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. ते कपाटात राहिले, वॉर्डात पोचले नाहीत.

मराठीतून वैद्यक शिकवलं जात होतं त्याच काळात आनंदीबाई जोशींनी इंग्रजी कशी कमावली, ते पाहण्यासारखं आहे. त्या घरी शिकल्या, नवऱ्याच्या कडक शिस्तीत. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंना पत्रं लिहिता लिहिता त्यांची भाषा घडली. १८८३ साली सेरामपूरच्या कॉलेजात त्या इंग्रजीतून भाषणाला उभ्या राहिल्या आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८८६मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. परक्या भाषेत शिकलेली विद्या त्यांनी आपल्या बायकांच्या बाळंतपणाशी नेऊन जोडली. शब्दसंग्रह वाढवावा तो यासाठी, असं मी वर्गात दरवर्षी सांगतो.

आता ओसरीवर येऊ. वर्गात येणाऱ्या बहुतेकांची इंग्रजी पाचवीला सुरू झालेली. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली, ती शिकलेल्या मुली वर्गात यायला आणखी बरीच वर्षं गेली. पहिली दोन वर्षं मी चुकलो. शब्दांच्या याद्या केल्या, पाठ करून घेतल्या, परीक्षा घेतल्या. मुली शंभरपैकी नव्वद काढत आणि समोर औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद ठेवला की अडखळत.

कारण हळूहळू ध्यानात आलं. मराठी आरोग्यसेवकाला इंग्रजी नामांची वाण नाही. ‘‘पेशंटचं बीपी लो आहे, सलाइन लाव, ईसीजी काढ’’ हे आमचं रोजचं मराठीच आहे. नामं इंग्रजी, पण वाक्याचा सांगाडा मराठी. मराठीत नकार शेवटी येतो : ‘देऊ नये’. आपण वाक्य संपेपर्यंत थांबतो आणि मग निवाडा करतो. इंग्रजीत नकार आधी येऊन जातो आणि अट शेपटीला असते. ‘वरचं बीपी शंभरच्या पुढे असल्याशिवाय हे औषध देऊ नये’ ही सूचना इंग्रजीत ‘डू नॉट गिव्ह’पासून सुरू होते, मध्ये ‘अनलेस’ येतो आणि शंभरचा आकडा सगळ्यात शेवटी. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत औषधाचं नाव आणि आकडा भरतो, ‘अनलेस’ निसटतो. म्हणून आम्ही याद्या बाजूला ठेवल्या आणि लहान शब्दांवर बसलो : अनलेस, अंटिल, एक्सेप्ट, नॉट मोअर दॅन, अ‍ॅज नीडेड, विथहोल्ड. रोग्याचा जीव या शब्दांवर टांगलेला असतो आणि परीक्षेत ते कुणी विचारत नाही.

दुसरा पेच दुहेरी अर्थांचा. ‘डिस्चार्ज’ म्हणजे रोग्याला घरी सोडणं आणि ‘डिस्चार्ज’ म्हणजे जखमेतून येणारा स्रावही. एक्स-रेच्या अहवालात ‘अनरिमार्केबल’ लिहिलं असेल, तर काळजीचं काही नाही. ‘क्रॉनिक’ म्हणजे गंभीर असं अर्धा तालुका मानतो; त्याचा अर्थ फक्त ‘दीर्घकाळचा’. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली की नातेवाइकांचा चेहरा उजळतो आणि सिस्टरला अवघड होतं. असा प्रत्येक शब्द आम्ही वाक्यात बसवून वाचला, सुटा कधी नाही.

मोठ्या, बोजड शब्दांचं ओझं मात्र आम्हाला वाटलं त्याहून हलकं निघालं, कारण संस्कृतातून आलेली शिदोरी मराठी माणसाच्या गाठीशी असते. ग्रीकमधला ‘हायपो’ आपल्या ‘उप’चा भाऊ, ‘हायपर’ आपल्या ‘उपरि’चा. ‘ऑस्टिओ’त अस्थी दिसते, ‘डेंटल’मध्ये दंत, ‘नेझल’मध्ये नासा. ‘डायग्नोसिस’ आणि ‘प्रोग्नोसिस’ यांच्या पोटात ‘ज्ञा’ हाच धातू आहे. ‘हेपॅटायटिस’मधला ‘हेपॅट’ आणि आपलं ‘यकृत्’ एकाच मुळातून आले आहेत. हे फळ्यावर मांडलं त्या दिवशी पाठीमागे बसणाऱ्या एका वयस्कर सिस्टर म्हणाल्या, ‘‘म्हणजे हे शब्द आपल्याच नात्यातले!’’ त्यानंतर त्यांना शब्दांची भीती वाटली नाही.

या ठिकाणी मी नेहमी चीनचा दाखला देतो. आपल्याकडे मराठी वर्ग निघण्याच्या दोन-तीन वर्षं आधी, १८५८ साली, शांघायमध्ये बेंजामिन हॉब्सन या मिशनरी डॉक्टरने इंग्रजी-चिनी वैद्यकीय शब्दावली छापली. तिथे भाषांतराचा धागा तुटला नाही. चिनी डॉक्टर आणि परिचारिका वैद्यक चिनीतून शिकतात. त्यांच्याकडे दाहाला ‘येन’ म्हणतात; फुप्फुसाचा ‘फेइयेन’ म्हणजे न्यूमोनिया, यकृताचा ‘गानयेन’ म्हणजे हेपॅटायटिस, जठराचा ‘वेइयेन’ म्हणजे गॅस्ट्रायटिस. रोगाचं नाव ऐकूनच तिथल्या सामान्य माणसाला कळतं, की कुठे काय झालं आहे. मात्र चिनी परिचारिका परदेशात जायचं ठरवते तेव्हा तिला एकेक इंग्रजी शब्द नव्याने शिकावा लागतो, कारण ‘येन’ आणि ‘आयटिस’ यांच्यात उच्चाराचं काही नातं नाही. तिला अर्थ आधी माहीत असतो, शब्द मागून येतो. आमच्या मुलींना शब्द आधी येतो, अर्थ मागे राहतो. म्हणून तिला शब्दांचा सराव जास्त हवा, आणि आम्हाला वाचनाचा.

चीनचं नाव निघालं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवल्याशिवाय राहत नाहीत. सोलापूरचा हा मराठी तरुण, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे चिनी शिकले, चिनीतून रुग्णांशी बोलले, चिनीतून त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथे शुश्रूषा शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शल्यक्रियेवर चिनीतून पाठ्यपुस्तक लिहिण्याचं काम हाती असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. युद्धाच्या धामधुमीत, डोंगरातल्या रुग्णालयात एक मराठी माणूस काही वर्षांत परकी भाषा एवढी आत्मसात करतो, कारण समोरचा जखमी सैनिक काय सांगतो आहे ते त्याला कळून घ्यायचं असतं. भाषा शिकण्याला याहून मोठं कारण मला माहीत नाही.

आज चित्र उलटं आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातली कितीतरी मुलं एमबीबीएससाठी चीनला गेली. पुस्तकं इंग्रजी, वॉर्डातले रुग्ण चिनी. त्यांना दोन भाषा एकदम शिकाव्या लागल्या. साथीमुळे २०२०मध्ये परतलेली अनेक मुलं पुढे दोन वर्षं घरूनच शिकत राहिली. पुस्तकातली इंग्रजी पुढे सरकली आणि रुग्णाची भाषा जागीच थांबली.

त्या साथीने आमच्या वर्गाचीही परीक्षा घेतली. ‘सॅच्युरेशन’, ‘आयसोलेशन’, ‘व्हेंटिलेटर’ हे शब्द महिन्याभरात कांदा मार्केटमध्येही ऐकू येऊ लागले. पण उपचारांच्या सूचना इंग्रजीत येत आणि सारख्या बदलत. मे २०२१मध्ये प्लाझ्माचा उपचार केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला, सप्टेंबरमध्ये आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन काढलं गेलं. नवा कागद वाचताना त्यात काय लिहिलं आहे एवढं पाहून भागत नव्हतं; कालपर्यंत असलेलं काय आज नाही, हेही पाहावं लागे. आम्ही फोनवरून रोज रात्री अर्धा तास जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून वाचला. त्या काळात वर्गाला जे वाचन आलं, ते आधीच्या सगळ्या वर्षांत आलं नव्हतं.

नंतर परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुली आल्या. आरोग्य व्यवसायांसाठीची ओईटी ही इंग्रजीची परीक्षा ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने २०१७पासून मान्य केली. तिचा वाचनाचा भाग साठ मिनिटांचा, प्रश्न बेचाळीस. पहिल्या पंधरा मिनिटांत एकाच विषयावरचे चार तुकडे चाळून वीस उत्तरं शोधायची, मग रुग्णालयातली छोटी परिपत्रकं, मग दोन लांब लेख. हा आराखडा मला आवडला, कारण रात्रपाळीत नेमकं हेच करावं लागतं. आमच्याकडच्या राहूड घाटात अपघात झाला की जखमींना तातडीने नाशिकला हलवावं लागतं, सोबत रेफर चिठ्ठी. ती वाचणाऱ्या दमलेल्या डॉक्टरच्या हाताशी पंधरा मिनिटंही नसतात.

एक खंत मात्र सांगितलीच पाहिजे. इंग्रजी वाचन सुधारलं, पण रोग्याची मराठी लिहून घेताना गळत राहिली. आमच्या म्हाताऱ्या सांगतात : ठणका लागलाय, चमक निघते, मुरडा पडतो, जळजळतंय, ठुसठुसतंय, टोचतंय. केसपेपरवर एकच शब्द उतरतो, ‘पेन’. यातल्या प्रत्येक दुखण्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे : ठणक्याला ‘थ्रॉबिंग’, चमकेला ‘शूटिंग’, मुरड्याला ‘कॉलिकी’, जळजळीला ‘बर्निंग’. दुखण्याचा हा प्रकारच रोगाकडे बोट दाखवतो. तो नोंदीत आला नाही, तर डॉक्टरची निम्मी वाट बंद होते. गेल्या तीन वर्षांत आम्ही वहीच्या डाव्या बाजूला चांदवडच्या बायकांचे शब्द आणि उजव्या बाजूला इंग्रजी शब्द लिहायला घेतले आहेत. हे मी पहिल्याच रविवारी करायला हवं होतं.

आमच्या गावात एकेकाळी टाकसाळ होती. चांदवडी रुपयाला मोठा मान होता, तरी सराफ तो वाजवून घेई. वाचलेलं वाक्यही वाजवून घ्यावं लागतं, आणि त्याची रीत एकच आहे : वाचलेली सूचना पुस्तक मिटून, समोरच्या माणसाला त्याच्या मराठीत सांगायची. सांगता आली तर कळली. ‘विथहोल्ड’ वाचून माझ्या भाचीने ‘गोळी देऊ नका’ असं सांगितलं असतं, तर योगायोगाने आलेल्या फोनवर विसंबावं लागलं नसतं.

ती आज एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डची प्रमुख आहे आणि नव्या मुलींकडून रोज पाळी बदलताना एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेते, मग मराठीत सांगायला लावते. दहा मिनिटं लागतात. प्रत्येक रुग्णालयातल्या, उपकेंद्रातल्या, औषधाच्या दुकानातल्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे : ही दहा मिनिटं उद्यापासून काढा.