हजेरीपटावरचे प्राध्यापक

वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. त्या इमारतीत शिकवणारा प्राध्यापक घडायला किती काळ लागतो, याचा हिशेब मात्र सहसा मांडला जात नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, पदव्युत्तर शिक्षणाची तीन, वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून एक, सहाय्यक प्राध्यापक म्हणून चार आणि सहयोगी प्राध्यापक म्हणून तीन. अशी किमान साडेसोळा वर्षे गेल्यावर आणि ठरलेले शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर एखादा डॉक्टर नियमित मार्गाने प्राध्यापकपदास पात्र ठरतो.

आता दुसरा हिशेब पाहू. २०१३-१४ मध्ये देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. २०२४-२५ मध्ये ती ७८० झाली. एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांवरून १ लाख १५ हजारांच्या पुढे गेल्या. म्हणजे एक प्राध्यापक घडायला लागतो त्याहून कमी काळात महाविद्यालयांची संख्या दुपटीवर गेली. मग या नव्या महाविद्यालयांत प्राध्यापक आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आपल्याकडे वैद्यकीय अध्यापकांच्या नेमणुका प्रत्यक्षात होतात कशा, हे पाहावे लागते.

पात्रतेचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला विभागवार मिळून सुमारे ८५ अध्यापक असले पाहिजेत, असा त्याचा दंडक आहे. पदव्युत्तर जागांची संख्याही विभागात किती प्राध्यापक आणि किती सहयोगी प्राध्यापक आहेत, यावर ठरते. आयोग स्वतः कुणालाही नेमत नाही. तो केवळ मोजतो. मात्र या मोजणीवरच महाविद्यालयाची मान्यता, जागा आणि खासगी संस्थांच्या बाबतीत शुल्काचे उत्पन्नही अवलंबून असते. म्हणून प्रत्यक्ष नेमणूक करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिकणारा विद्यार्थी असण्याऐवजी मोजायला येणारे पथक असते. या व्यवस्थेतील बहुतेक दोषांचे मूळ येथे आहे.

प्रत्यक्ष नेमणुकीचे तीन मार्ग आहेत. पहिला लोकसेवा आयोगाचा. दिल्लीतील मौलाना आझाद किंवा लेडी हार्डिंग यांसारख्या महाविद्यालयांतील केंद्रीय आरोग्य सेवेची अध्यापकपदे केंद्रीय लोकसेवा आयोग भरतो. अनेक राज्यांत हे काम राज्य लोकसेवा आयोगांकडे आहे. बिहार लोकसेवा आयोगाने २०२५ मध्ये सहाय्यक प्राध्यापकांच्या १,७११ पदांची जाहिरात काढली. ज्या राज्यात एकदम इतक्या जागांची जाहिरात काढावी लागते, तेथे त्याआधीची वर्षे कशी गेली असतील, हे वेगळे सांगायला नको. विभागाने मागणीपत्र पाठवायचे, बिंदुनामावली तपासून घ्यायची, जाहिरात, छाननी, मुलाखती, मग निकालाला न्यायालयात आव्हान. या फेऱ्यात वर्षे जातात. तोवर विभाग कंत्राटी किंवा तदर्थ नेमणुकांवर चालवला जातो. काही महिन्यांची मुदत, मग खंड, मग पुन्हा आदेश. अशा डॉक्टरला ना ज्येष्ठता मिळते, ना निवृत्तिवेतन, ना संशोधनासाठी लागणारे स्थैर्य. खासगी रुग्णालयाकडून बरे बोलावणे आले की तो निघून जातो आणि त्याला दोष देता येत नाही.

दुसरा मार्ग संस्थेच्या स्वतःच्या निवड समितीचा. १९५६च्या कायद्याने स्थापन झालेली दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे ‘एम्स’, हे त्याचे ठळक उदाहरण. येथे पदांची उतरंड जरा निराळी आहे: सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांच्यामध्ये अतिरिक्त प्राध्यापक हे पद असते आणि पदोन्नती रिकाम्या जागेची वाट न पाहता ठरावीक सेवेनंतरच्या मूल्यमापनाने मिळते. डॉक्टरला अध्यापनात टिकवून धरणारी ही योजना इतरांनी अनुकरण करावे अशी आहे. असे असूनही देशातील या सर्वांत नामांकित संस्थेत सुमारे एक तृतीयांश अध्यापकपदे रिक्त असल्याचे अलीकडच्या सरकारी आकडेवारीतून पुढे आले. यामागे उमेदवारांचा तुटवडा हे एकच कारण नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या कल्याणासाठीच्या संसदीय समितीने २०२२च्या अहवालात ‘एम्स’मधील राखीव जागांच्या भरतीवर कठोर ताशेरे ओढले होते. पात्र उमेदवार असूनही ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून जागा रिकाम्या ठेवण्याची प्रथा समितीने मान्य केली नाही. मुलाखतीतील गुणदानाची कारणे नोंदवली जात नसतील, तर गुणवत्ता आणि पूर्वग्रह यांतला फरक बाहेरून कुणालाच कळू शकत नाही.

तिसरा मार्ग खासगी संस्थांचा. न्यास जाहिरात देतो, मुलाखत घेतो आणि करार करतो. काही संस्था हे काम निष्ठेने करतात. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला स्थापलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ही त्यांतली दोन नावे. दोन्ही ठिकाणी अध्यापकांना खासगी व्यवसाय करता येत नाही, आणि तरीही पिढ्यानपिढ्या चांगले शिक्षक तेथे राहिले आहेत. पण या संस्था अपवाद ठरतात. इतर अनेक ठिकाणी अध्यापक हा मान्यतेसाठी लागणारा दस्तऐवज असतो. शहरात दवाखाना चालवणाऱ्या तज्ज्ञाचे नाव विभागाच्या यादीत घालायचे, त्याच्या खात्यात पगार जमा करायचा, त्यातला काही भाग रोखीने परत घ्यायचा आणि तपासणीच्या दिवशी त्याला पांढरा कोट घालून उभे करायचे, अशी ही रीत आहे. शेतातल्या बुजगावण्याला निदान पाखरे तरी भितात. या बुजगावण्याला वर्गात कुणी पाहिलेलेच नसते.

हे नवे नाही. तपासणीतील भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून भारतीय वैद्यक परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांना केंद्रीय अन्वेषण विभागाने एप्रिल २०१० मध्ये अटक केली होती. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने परिषदेच्या कारभाराची चिरफाड केली. तिच्या जागी सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. पण पाटी बदलली तरी मोजणीची रीत तीच राहिली. आयोगाने २०२२-२३ मध्ये २४६ महाविद्यालयांचे मूल्यमापन केले तेव्हा बहुतेक ठिकाणी एकतर कागदोपत्री अध्यापक आढळले किंवा आवश्यक तेवढे अध्यापक नेमलेलेच नव्हते. किमान ५० टक्के हजेरीची अट त्यांतल्या एकाही महाविद्यालयाने पूर्ण केली नव्हती.

यावर उपाय म्हणून आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आली. १ मे २०२५ पासून चेहरा ओळखणारी हजेरी सक्तीची झाली. खोट्या माहितीसाठी महाविद्यालयाला १ कोटी रुपयांपर्यंत आणि अध्यापकाला ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०२३च्या नियमांत आहे. तरीही जून २०२५च्या अखेरीस केंद्रीय अन्वेषण विभागाने नोंदवलेल्या गुन्ह्यात आरोग्य मंत्रालयातील अधिकारी, मूल्यमापक डॉक्टर आणि संस्थाचालक मिळून तीसहून अधिक जणांची नावे आहेत. तपासणीची तारीख आधीच फोडली जाई आणि हजेरी लावण्यासाठी कृत्रिम बोटे वापरली जात, असे हे आरोप आहेत. ते न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण यंत्राने हजेरी मोजता येते, अध्यापन नाही, एवढे त्यातून नक्कीच दिसते.

केवळ खासगी संस्थांकडे बोट दाखवूनही चालणार नाही. सार्वजनिक आरोग्यसेवेत देशात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या तमिळनाडूतील ३६ पैकी ३४ सरकारी महाविद्यालयांना आयोगाने २०२५ मध्ये अध्यापकांच्या कमतरतेसह विविध त्रुटींबद्दल कारणे दाखवा नोटिसा पाठवल्या. केरळमध्ये नव्या महाविद्यालयांची तपासणी जवळ आली की जुन्या महाविद्यालयांतील डॉक्टरांची तात्पुरती बदली तेथे केली जाते, अशी तक्रार तेथील अध्यापकांची संघटना वारंवार करत आली आहे. खासगी संस्थाचालक भाड्याने डॉक्टर आणतो. सरकार आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात घालते. नवे पद निर्माण करून त्यावर माणूस नेमणे खर्चिक असते. बदलीच्या आदेशाला कागदाखेरीज काही लागत नाही.

या पार्श्वभूमीवर जुलै २०२५ मध्ये आयोगाने पात्रतेचे नियम सैल केले. २२० पेक्षा अधिक खाटांचे सरकारी रुग्णालय आता अध्यापन रुग्णालय ठरू शकते. सरकारी रुग्णालयात दहा वर्षे तज्ज्ञ म्हणून काम केलेला पदव्युत्तर डॉक्टर सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो आणि दोन वर्षे काम केलेला सहाय्यक प्राध्यापक. जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम मात्र नेमणुकीनंतर ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावा लागतो. या निर्णयाला सरसकट विरोध करणे योग्य नाही. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे बाळंतपणे केलेल्या तज्ज्ञाकडे विद्यार्थ्यांना देण्यासारखे पुष्कळ असते. शोधनिबंधांची संख्या वाढवण्यासाठी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत लेख देणाऱ्यापेक्षा कदाचित अधिकच. प्रश्न वेगळा आहे. तो तज्ज्ञ सकाळी बाह्यरुग्ण विभागात दोनशे रुग्ण तपासत असेल आणि त्याच्या जागी दुसरा डॉक्टर न नेमता केवळ त्याचे पदनाम बदलले जात असेल, तर तो शिकवणार केव्हा? यादीतील रकाना भरतो. रुग्णालय आणि महाविद्यालय या दोघांच्या वाट्याला अर्धा-अर्धा डॉक्टर येतो.

शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र या पायाभूत विषयांची स्थिती आणखी नाजूक आहे. या विषयांत खासगी व्यवसायाची संधी जवळजवळ नसल्याने त्यांतील पदव्युत्तर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. अध्यापन हाच ज्यांचा एकमेव व्यवसाय, त्यांनाच कंत्राटावर ठेवायचे, ही विसंगती सुधारल्याखेरीज या विषयांकडे कुणी वळणार नाही.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. अध्यापकाच्या निवृत्तीची तारीख त्याच्या रुजू होण्याच्या दिवशीच ठाऊक असते. म्हणून रिक्त होणाऱ्या पदांचे वार्षिक वेळापत्रक लोकसेवा आयोगांना आधीच देता येईल. नव्या जागांना मान्यता देताना अध्यापक किमान एक शैक्षणिक वर्ष त्याच संस्थेत सलग कार्यरत असावेत, अशी अट घालता येईल. मग तात्पुरत्या बदल्यांना अर्थ उरणार नाही. निवड समित्यांनी राखीव जागा रिकामी ठेवली तर तिची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत. आणि प्रत्येक विभागातील अध्यापकांची यादी, कोण कोणता वर्ग घेतो या तपशिलासह, विद्यार्थ्यांपुढे खुली असावी. कोण शिकवतो आणि कोणाचे केवळ नाव आहे, हे तपासणी पथकापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अधिक चांगले माहीत असते. त्याची साक्ष, त्याचे नाव गुप्त ठेवून, मूल्यमापनात धरली गेली पाहिजे.

पाच वर्षांत आणखी ७५ हजार वैद्यकीय जागा निर्माण करण्याचे केंद्राचे उद्दिष्ट आहे. डॉक्टरांची गरज खरी असल्याने ते रास्तच आहे. पण या जागांवर शिकवणारे प्राध्यापक आजच्या सहाय्यक प्राध्यापकांतूनच येणार आहेत, आणि त्यांतले कित्येक या क्षणी मुदतवाढीच्या आदेशाची वाट पाहत आहेत. यंदा प्रवेश घेतलेला विद्यार्थी साडेपाच वर्षांनी एकट्याने रुग्ण तपासू लागेल. नाडी कशी पाहायची, पोट कसे चाचपायचे, केव्हा थांबायचे आणि केव्हा वरिष्ठाला बोलवायचे, हे त्याला कुणीतरी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकवलेले असावे लागते. तो ‘कुणीतरी’ केवळ हजेरीपटावर असेल, तर त्याची किंमत पुढे रुग्णाला मोजावी लागेल आणि ती कशाची किंमत होती, हे त्या रुग्णाला कधी कळणारही नाही.