बोलणारा फोटो, ‘आंटी मत कहो ना’ आणि पाच पोरींचा बाप : ‘हम पाँच’चे विनोद तीस वर्षांनंतरही का चालतात?

दिवाणखान्याच्या भिंतीवर वारलेल्या पहिल्या बायकोचा फोटो. पाच मुली आणि दुसरी बायको यांच्या कचाट्यात सापडलेला नवरा त्या फोटोसमोर उभा राहून गाऱ्हाणं मांडतो. इथपर्यंत कुठल्याही कौटुंबिक मालिकेत शोभेल असा प्रसंग. पण पुढच्या क्षणी फोटोतली बाई डोळे फिरवते, हसते आणि नवऱ्याची खिल्ली उडवायला लागते.

‘हम पाँच’ ही मालिका झी टीव्हीवर १९९५ साली सुरू झाली आणि १९९९ पर्यंत चालली. एकता कपूरच्या बालाजी टेलिफिल्म्सची ही सुरुवातीची मालिका. सासू-सुनांचं युग यायला अजून अवकाश होता. आज तिचे तुकडे रीलमधून फिरतात. ज्यांचा जन्मच मालिका संपता संपता झाला (प्रस्तुत वार्ताहर त्यातलाच) तेही ते बघून हसतात. मालिका हिंदी असली तरी घराचे दोन मुख्य खांब मराठी होते. बाप आनंद माथुर म्हणजे अशोक सराफ आणि फोटोतली पहिली बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर.

घरात कोण कोण?

आनंदच्या थोरल्या तीन मुली पहिल्या बायकोच्या. मीनाक्षी (वंदना पाठक) स्त्रीमुक्तीवाली. राधिका पुस्तकी किडा, जाड भिंगाचा चष्मा, कानाला यंत्र. स्वीटी (राखी विजन) नटवी, डोक्यात सतत मिस युनिव्हर्स. १९९४ मध्ये सुश्मिता सेनने तो किताब जिंकला होता हे लक्षात घेतलं तर स्वीटी किती ताजी होती ते कळेल. धाकट्या दोघी दुसऱ्या बायकोच्या, म्हणजे बीनाच्या (शोमा आनंद). त्यातली काजल (भैरवी रायचुरा) पोरांसारखे कपडे घालून दादागिरी करणारी, म्हणून ‘काजलभाई’. आणि सगळ्यात लहान छोटी, वसाहतीतल्या बातम्या घरोघर पोचवणारी.

राधिकेची भूमिका विद्या बालन आणि अमिता नांगिया या दोघींनी केली. ‘परिणीता’ यायच्या दहा वर्षं आधीची विद्या बालन जाड चष्म्यात ओळखूच येत नाही. रीलखाली ‘ही तीच का?’ असं विचारणारे सापडतातच.

फोटोचा विनोद नेमका चालतो कसा?

आपल्याकडे भिंतीवरचा फोटो ही गंभीर गोष्ट आहे. त्याच्यापुढे आवाज खाली जातो. नवी नवरी घरात आली की तिला आधी त्या फोटोपुढे उभं करतात. दुसरी बायको असलेल्या घरात तर पहिलीच्या फोटोवरून किती रामायणं घडतात ते सांगायला नको. लेखकांनी नेमकी हीच जागा हेरली. मेलेली माणसं बोलायला लागली की एरवी भयपट होतो. इथे मेलेली बायको चक्क मजा बघते आहे. तिला ना दुःख, ना सवतीमत्सर. उलट सुटका झाली असा तिचा एकूण आविर्भाव.

दुसरी गोष्ट, तिचं बोलणं ऐकू येतं ते फक्त आनंदला. म्हणजे बाकीच्यांच्या लेखी हा माणूस भिंतीशी बोलतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल एकाच रिसिव्हरला मिळतोय, बाकी सगळ्यांचे बंद. एकच बातमी आनंद आणि प्रेक्षक यांनाच ठाऊक असते आणि आपण नकळत त्याच्या कटात सामील होतो.

यात अशोक सराफ यांचं काम बघण्यासारखं आहे. ‘अशी ही बनवाबनवी’तला धनंजय माने खोटं बोलून प्रसंग मारून नेतो. त्याच्या हातात सूत्रं असतात. आनंद माथुरच्या हातात काहीच नाही. फोटो भिंतीवर, त्यामुळे मान वर करूनच बोलायचं, आणि वरून येणारं उत्तर पाडून घ्यायचं. समोरची व्यक्ती टोला मारते आणि सराफ तो झेलतात. झेलतानाचा तो हताश चेहरा हाच अर्धा विनोद. मराठी सिनेमात ज्याच्या एकेका वाक्यावर थिएटर डोक्यावर घेतलं जायचं, तो नट इथे बहुतेक वेळ ऐकून घेण्याचं काम करतो. कित्येक वर्षं स्टेट बँकेत नोकरी सांभाळून नाटकं केलेल्या या नटाला २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा यादीत सगळ्यांनी चित्रपट मोजले. माझ्या मते ‘हम पाँच’ त्या यादीत बरीच वर हवी होती.

प्रिया तेंडुलकर यांची निवडही भन्नाट. दहाच वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये, दूरदर्शनवरच्या ‘रजनी’त त्या गॅस सिलिंडरपासून सरकारी कार्यालयापर्यंत सगळीकडे जाऊन भांडत होत्या. देशभर फिरणाऱ्या त्या बाईला इथे चौकटीत बसवलं. खांद्याच्या खाली काही नाही, हालचाल नाही, जे काय करायचं ते भुवया, डोळे आणि आवाज यांनी. तरी घरात वचक तिचाच.

‘आंटी मत कहो ना’

शेजारची पूजा (अरुणा संगल) हिला कुणी ‘आंटी’ म्हटलं की ती लाडे लाडे म्हणते, ‘आंटी मत कहो ना’. बस, एवढंच. पण हे वाक्य मालिकेतून बाहेर पडलं आणि घरोघरी शिरलं.

वर्ध्यात ते शिरायला जास्त वेळ लागायचं कारण नव्हतं. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे १९३६ पासून आहे, हिंदी विश्वविद्यालय १९९७ मध्ये आलं, पुलगावला दारूगोळा भांडाराच्या निमित्ताने देशभरातली कुटुंबं राहतात. इथल्या माणसाला हिंदी मालिका समजून घ्यावी लागत नाही, ती बाजारात कानावर पडतेच. आणि नव्वदच्या दशकात गच्चीवरून गच्चीवर केबलच्या वायरी जात होत्या, त्याच सुमारास वसाहतींमधल्या ‘काकू’ हळूहळू ‘आंटी’ होत होत्या. काकू या शब्दात नातं आहे. आंटी या शब्दात फक्त वय उरतं. पूजाची तक्रार त्या वयाबद्दल आहे, म्हणून चाळिशीच्या आसपासच्या प्रत्येक बाईला ती कळते.

दाराची घंटी वाजली की केस सावरत धावणारी स्वीटी हाही याच जातीचा विनोद. घंटी तीच, धावणं तेच. दारात कोण आहे एवढंच दर वेळी बदलतं. आठवड्याला एक भाग बघणाऱ्या प्रेक्षकाला पुढे काय होणार हे माहीत असण्यातच गंमत होती.

सगळंच टिकलंय का?

नाही. राधिकेला कमी ऐकू येतं आणि ती भलतंच उत्तर देते, यावर जितका वेळ घालवला आहे तितका आज बघवत नाही. शब्दांची फिरवाफिरव चांगली जमली आहे तिथे हसू येतं, पण एरवी मुलीच्या कानातल्या यंत्रावर हसतोय हे जाणवत राहतं. मीनाक्षीच्या तोंडी स्त्रीमुक्ती घातली ती बहुतेक वेळा टर उडवण्यासाठीच. घरात सगळ्यात खरं बोलणारी मुलगी तीच असताना तिचं हसं व्हावं, हे खटकतं.

मग तीस वर्षांनी दखल कशासाठी?

मालिकेचं नाव आणि साल शेजारी ठेवून बघा. गर्भलिंग निदानाविरुद्धचा केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. साताऱ्यात ‘नकुशा’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम झाला तो २०११ मध्ये.

या घसरणीच्या ऐन मध्यावर, रोज जेवणाच्या गप्पांत पाच मुली असलेल्या घराचा विषय निघत होता. ‘पाच पोरी’ म्हटल्यावर हिंगणघाट-आर्वीकडे काय, पुण्या-मुंबईकडेही पहिला सूर ‘अरेरे’चा लागतो, दुसरा ‘मुलासाठी थांबले असतील’चा. मालिकेत बाप रोज हैराण होतो, पण का? काजलने कुणाला तरी बदडलं म्हणून, छोटीने घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून, स्वीटी आरशासमोरून हलत नाही म्हणून. म्हणजे मुली काय करतात यामुळे. त्या मुली आहेत यामुळे नव्हे. काजलभाईला तर लोक घाबरतात. सावत्र आईही छळणारी नाही. तिची भांडणं पाचही जणींशी सारखीच.

‘हम पाँच’ने समाज बदलला असा दावा कुणी करू नये, वरचे आकडे तो लगेच खोडतील. मालिकेने तसं ठरवून काही केलं असंही वाटत नाही. तिथे उपदेशाचा एकही प्रसंग आठवत नाही, आणि ते बरंच झालं. कीव ज्या घराची करायची असं सगळ्यांना शिकवलं होतं, त्या घरात जावंसं वाटायला लावलं, एवढंच तिने केलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जुन्या मालिका परत आल्या तेव्हा ‘हम पाँच’ही आली. आता ती मोबाईलवर झी५ ॲपवर बघता येते. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी असल्याने कुठूनही सुरुवात केली तरी बिघडत नाही.

फक्त एक फरक पडलाय. प्रिया तेंडुलकर १९ सप्टेंबर २००२ ला गेल्या, वयाच्या ४७ व्या वर्षी. मालिका पहिल्यांदा लागायची तेव्हा फोटोतली बाई वारलेली आहे हे नाटक होतं आणि ते नाटक आहे हे बघणाऱ्यालाही माहीत होतं. आता ती चौकटीतून डोळे मिचकावते, आनंदला टोमणा मारते आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, या बाई सध्या काय करतात?