आधी मुद्दे, मग भाषण

शाळेत भाषणाचा दिवस आला की घरोघरी धावपळ उडते. कुणाकडून तरी भाषण लिहून आणायचे, रात्री उशिरापर्यंत घोकायचे आणि सकाळी धडाधड म्हणून दाखवायचे. मधलेच एखादे वाक्य आठवत नाही आणि पुढचे सारे ठाऊक असूनही मूल अडून राहते. हशा पिकतो. मग ते मूल पुन्हा कधी स्पर्धेत नाव देत नाही. आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. दोष मुलाच्या बुद्धीचा नसून पाठांतराच्या पद्धतीचा आहे.

यावर साधा उपाय म्हणजे मुद्द्यांचा आराखडा. समजा, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त बोलायचे आहे. प्रथम वाचून मिळालेली माहिती सुटी सुटी टिपून घ्यावी. मग स्वतःला विचारावे, मला मुख्य गोष्ट कोणती सांगायची आहे? 'सावित्रीबाई जे शिकल्या, ते त्यांनी इतरांना दिले' ही गोष्ट ठरली, तर आराखडा असा होईल:

१. जन्म – १८३१, नायगाव, जिल्हा सातारा.
२. स्वतः शिकल्या – लग्नानंतर, जोतीरावांकडून.
३. इतरांना शिकविले – १८४८, पुणे, मुलींची शाळा. वाटेत शेण-चिखलाचा मारा.
४. सेवा – १८९७, प्लेगची साथ. रुग्णांची सेवा करताना मृत्यू.
५. समारोप – आपण शिकलो, आता कोणाला शिकवणार?

'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. ही माहितीही मोलाची आहे. परंतु वेळ तीनच मिनिटे असेल तर ती बाजूला ठेवावी. काय सांगावे याइतकेच काय गाळावे, हेही आराखडा शिकवितो.

एवढे मुद्दे लहानशा कागदावर मावतात. प्रत्येक मुद्द्यावर दोन-चार वाक्ये आपल्याच बोलीत बोलावीत. एखादे वाक्य निसटले तरी पुढचा मुद्दा हाताशी असतो. भाषण थांबत नाही.

पालकांना आमची एक विनंती आहे. आपण शाळेत गेलो नाही, मुलाला काय मदत करणार, असे मनात आणू नका. स्वयंपाक करता करता त्याचे भाषण ऐका आणि प्रत्येक मुद्द्यानंतर एवढेच विचारा, "बरं, मग पुढं काय झालं?" त्याला उत्तर सांगता आले, तर आराखडा पक्का झाला असे समजा. नाही सांगता आले, तर दोन मुद्द्यांमधला दुवा कोठे तुटला, ते त्याचे त्यालाच कळेल.

दुसऱ्याने लिहिलेले भाषण टाळ्या मिळवून देईल. पण स्वतः मांडलेला विचार मुलाला जन्मभर पुरेल.