टेम्पोचा थर्मोस्टॅट : काढू नका, योग्य तो बसवा

वसईच्या पट्ट्यातील भाजी, केळी, फुले आणि विड्याची पाने वेळेवर बाजारात पोचली तरच त्यांचे मोल. आगाशी, निर्मळच्या वाड्यांतून संध्याकाळी भरलेला माल पहाटे दादरला किंवा वाशीला उतरला पाहिजे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखाच्या चढावर गाडी उकळून उभी राहिली, की पालेभाजी गाडीतच मान टाकते आणि बाजाराची वेळही टळते.

गाडी गरम होते अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेले, की पुष्कळदा एक सोपा इलाज सुचवला जातो: "थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडे थंडी आहे कुठे?" दुसरा सल्ला असा, की कमी अंशाचा बसवा, म्हणजे इंजिन थंड राहील. दोन्ही सल्ले ऐकायला बरे वाटतात. परंतु दोन्हींमुळे नुकसान होते. ते कसे, हे टेम्पो, ट्रक किंवा ट्रॅक्टर बाळगणाऱ्या प्रत्येक घराने समजून घ्यावे.

थर्मोस्टॅटचे काम काय?

खारबांधाला उघाडी असते. भरती आली की तिची झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की उघडते; तिथे माणूस उभा करावा लागत नाही. थर्मोस्टॅट ही इंजिनाची उघाडीच होय. फरक इतकाच, की ही झडप पाण्याच्या दाबाने नव्हे, तर उष्णतेने हलते. तिच्या पितळी डबीत खास प्रकारचे मेण असते. पाणी तापले की मेण वितळून फुगते आणि झडप ढकलते. पाणी निवले की स्प्रिंग ती परत मिटवते.

इंजिन थंड असताना झडप मिटलेली असते. पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरलेले तापमान आले, की झडप उघडू लागते आणि पाणी रेडिएटरमध्ये निवायला जाते.

थंड इंजिन म्हणजे निरोगी इंजिन नव्हे

डिझेलचे इंजिन साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसला नीट चालते. आपल्याकडची हवा 30 अंशांची असली तरी इंजिनाच्या हिशेबाने ती थंडच. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन, विशेषतः रात्री मोकळ्या रस्त्यावर किंवा गाडी रिकामी असताना, पुरते तापतच नाही. मग डिझेल अर्धवट जळते, धूर वाढतो, ॲव्हरेज घटते. न जळलेले डिझेल लायनरवरचे तेल धुऊन खाली तेलात उतरते आणि तेल पातळ होते. तेलातली वाफ उडून न गेल्यामुळे चिकट गाळ धरतो. रिंगा आणि लायनर वेळेआधीच झिजतात.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत तर इंजिनाचा संगणक पाण्याचे तापमान पाहूनच डिझेल सोडतो. इंजिन थंडच राहिले तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि धूर गाळणाऱ्या फिल्टरची सफाई अडते.

याहून मोठा धोका पुढेच आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी इंजिनात परत फिरणारी वाट बंद करतो. तो काढला, की ही दुसरी वाट कायम उघडी राहते. बरेच पाणी रेडिएटरला न जाता तसेच मागे फिरते. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून जे काढले, त्याच्यामुळेच भरल्या गाडीला चढावर उकळी फुटते!

आकडा कसा निवडावा?

थर्मोस्टॅटच्या कडेवर किंवा डबीवर 71, 76, 82, 88 असा आकडा कोरलेला असतो. झडप कितीव्या अंशाला उघडू लागते, हे तो सांगतो. पूर्ण उघडण्यास त्यापुढे साधारण 10 ते 15 अंश लागतात.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा राखतो. वरची मर्यादा रेडिएटर, पंखा आणि पंप राखतात. झडप पूर्ण उघडल्यावरही गाडी उकळत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. तिथे 82 ऐवजी 71 चा बसवून चढावर काही फरक पडणार नाही. इंजिन एरवी थंड राहील, एवढेच. म्हणून:

1. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच घ्यावा. नवा घेताना मॉडेल व इंजिन क्रमांक सांगावा आणि जुना नग बरोबर न्यावा.
2. नुसता आकडा जुळून भागत नाही. कडेचा व्यास, उंची आणि खालची दुसरी झडप हेही जुळले पाहिजे.
3. मोठ्या ट्रकला दोन थर्मोस्टॅट असतील, तर दोन्ही एकदम बदलावेत.
4. बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला आणि हवा सोडणारे लहान छिद्र वर ठेवावे. गॅस्केट नवे घालावे.

घरच्या घरी परीक्षा

जुन्या पातेल्यात पाणी घ्यावे. मिटलेल्या झडपेत बारीक दोरा अडकवून थर्मोस्टॅट त्यावर टांगावा. तो पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नये. शेजारी दूध तपासण्याचा 110 अंशांपर्यंतचा थर्मामीटर धरावा. मंद आचेवर पाणी ढवळत तापवावे. झडप हलली, की दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडेल. तेव्हाचे तापमान कोरलेल्या आकड्याच्या एक-दोन अंश अलीकडे-पलीकडे असावे. पुढे उकळीपर्यंत झडप चांगली उघडली पाहिजे आणि निवल्यावर घट्ट मिटली पाहिजे. जो अर्धवट उघडतो किंवा मिटत नाही, तो फेकून द्यावा. तासून, ठोकून तो सुधारत नाही.

आधी हेही पाहावे

रेडिएटरच्या जाळीत गवत, माती, कीटक अडकले आहेत का? पंख्याचा पट्टा सैल आहे का? पंप गळतो का? टोपीचे रबर फाटले आहे का? टोपी पाणी दाबाखाली ठेवते, म्हणून ते 100 अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. टोपी निकामी झाली, तर ठीक असलेली गाडीसुद्धा उकळते.

आपल्या किनारपट्टीला एक सूचना अधिक. पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते. ते रेडिएटरमध्ये घालू नये. क्षार धरतात, गंज चढतो आणि थर्मोस्टॅट अडकतो. उकळल्याने मीठ जात नाही. तयार कूलंट वापरावे, किंवा कूलंट व डिस्टिल्ड वॉटर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. बर्फाचे भय आपल्याला नाही, पण गंजाचे आहे. कूलंट ते टाळते.

आणि वाटेत गाडी उकळलीच, तर टोपीला हात लावू नये. दाबाखालचे पाणी अंगावर उडून माणूस भाजतो. गाडी बाजूला घेऊन इंजिन पुरते निवू द्यावे, मगच हळूहळू पाणी घालावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

थर्मोस्टॅटचा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ आहे. पावसाळा संपून भाजीचा हंगाम भरात येण्यापूर्वी एक सकाळ काढून तो तपासून घ्यावा.