धावा आटल्या म्हणजे मेहनत आटली का?

जळगाव : जानेवारी २०२५ मध्ये सिडनी कसोटीच्या नाणेफेकीसाठी भारताकडून रोहित शर्माऐवजी जसप्रीत बुमरा मैदानात उतरला आणि क्रिकेटरसिकांत उभे दोन तट पडले. खान्देशही त्याला अपवाद नव्हता. जळगावचे फुले मार्केट असो वा धुळ्याचा आग्रा रोड, चहाच्या टपरीवर वाद एकच होता. 'आता त्याच्यात ती जिद्द राहिली नाही, शरीर सुटले आहे,' असे एका बाजूचे म्हणणे. तर 'फॉर्म आज नाही, उद्या येईल. एवढ्या वर्षांची सेवा विसरायची का,' असा दुसऱ्या बाजूचा सवाल.

या वादात मेहनत, फॉर्म आणि वयोमानानुसार येणारी उतरती कळा या तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. धावा तिन्ही कारणांनी आटतात. पण प्रत्येकाचे निदान वेगळे असते.

रोहितच्या बाबतीत आकडे बोलके होते. ऑस्ट्रेलियाच्या त्या दौऱ्यात पाच डावांत त्याच्या धावा होत्या ३१. पाचपैकी चार वेळा त्याला पॅट कमिन्सनेच बाद केले. त्याआधी न्यूझीलंडविरुद्ध मायदेशातील मालिका भारताने ०-३ अशी गमावली, त्यातही त्याची बॅट शांतच होती. पुढे मार्चमध्ये एका राजकीय प्रवक्तीने त्याच्या वजनावर शेरा मारला आणि क्रिकेटचा वाद वजनकाट्यावर जाऊन बसला.

मात्र, त्याआधीच ९ फेब्रुवारी २०२५ रोजी याच रोहितने कटक येथे इंग्लंडविरुद्ध ९० चेंडूंत ११९ धावा फटकावल्या होत्या. सिडनीनंतर जेमतेम पाच आठवडे लोटले होते. शरीर तेच, वय तेच. बदलला होता तो चेंडूचा रंग आणि खेळपट्टी. पांढरा चेंडू पहिल्या काही षटकांनंतर फारसा हलत नाही. ऑस्ट्रेलियात लाल चेंडू मात्र उसळी आणि सीमच्या जोरावर दीर्घकाळ सतावतो. वाढते वजन हेच अपयशाचे कारण असते, तर कटकचे शतक झाले नसते. आणि ९ मार्चला दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा करून तो सामनावीरही ठरला नसता.

टीकाकारांचे सारेच चुकले, असे मात्र म्हणता येणार नाही. जानेवारीत तो मुंबईकडून रणजी सामना खेळला. जम्मू-काश्मीरविरुद्ध त्याच्या धावा झाल्या ३ आणि २८. लाल चेंडूचे कोडे त्याला सुटले नाही, ही गोष्ट खरीच होती. ७ मे २०२५ रोजी त्याने कसोटीतून निवृत्ती घेतली. त्यानंतर वजन घटवून तो ऑस्ट्रेलियात एकदिवसीय मालिका खेळला. ऑक्टोबरमध्ये सिडनीलाच नाबाद १२१ धावा काढून तो मालिकावीर ठरला. 'बघा, मेहनत केली की धावा होतात,' असे टीकाकारांना म्हणता आले. समर्थकांनाही 'आम्ही सांगत होतोच' म्हणण्याची सोय झाली!

हा घोळ जुनाच आहे. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन तेंडुलकर २१ चेंडू खेळून एका धावेवर बाद झाला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांतील काहींनी त्याची हुर्यो उडवली. त्याने मनापासून खेळणे सोडले, असा अनेकांचा ग्रह झाला. वस्तुतः त्याचा खांदा दुखावलेला होता. त्याच महिन्यात त्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याआधी २००५ मध्ये कोपराची झाली होतीच. सप्टेंबरमध्ये पुनरागमनात क्वालालंपूरला त्याने वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १४१ धावा केल्या आणि २०१० मध्ये ग्वाल्हेरला एकदिवसीय द्विशतक झळकावले.

२०१२ ची गोष्ट निराळी. न्यूझीलंडविरुद्धच्या दोन कसोटींत तो सलग तिन्ही डावांत त्रिफळाचित झाला. जानेवारी २०११ मधील केपटाऊनच्या शतकानंतर निवृत्तीपर्यंतच्या २३ कसोटींत त्याला एकही शतक करता आले नाही. त्याच्या सरावात कसूर होती, असे तेव्हा कोणी म्हणाले नाही. मेहनत होती, पण चेंडू किंचित आधी पोहोचत होता. २००६ मध्ये घाई करणारे रसिक यावेळी मात्र गप्प राहिले, हे विशेष. प्रेमापोटी ते २०१३ च्या वानखेडेवरील निरोपाची वाट पाहत राहिले.

कुस्तीच्या फडात असा गोंधळ सहसा होत नाही. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. आखाड्याभोवती बसलेल्यांना मल्लाचा दम कुठे तुटतो, हे डोळ्यांनी दिसते. क्रिकेट मात्र खान्देश बहुतांशी दूरचित्रवाणीवरच पाहतो. तेथे नेट सरावातील दोन तास दिसत नाहीत. बाद होऊन परतणाऱ्या खेळाडूचा चेहरा आणि पोट मात्र चार-चार वेळा संथगतीत दिसते. मग घाम मोजायला तेवढेच माप हाती उरते.

निवड समितीला मात्र या मापावर भागत नाही. फलंदाज कोणत्या चेंडूवर, कोणाच्या गोलंदाजीवर आणि किती वेळा एकाच पद्धतीने बाद झाला, हे त्यांना पाहावे लागते. रोहितपुरते सांगायचे, तर कमिन्सच्या खाती जमा झालेल्या त्या चार बळींतच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर होते.