हौद्याचा तळ आणि पहिली बकेट

१९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी टेल्कोचा मर्सिडीज-बेंझबरोबरचा करार संपला आणि ट्रकांच्या नाकावरची चांदणी जाऊन टाटांची निशाणी आली. त्या पिढीच्या ट्रकची बॉडी लाकडी. दगड घणानं फोडायचा, माणसांनी हातानं भरायचा. उंचावरून काही कोसळतच नसे, त्यामुळे फळी झिजायची, पण फुटायची क्वचित. फुटलीच तर सुतार नवी ठोकून द्यायचा. बॉडी जपण्याची खरी चिंता सुरू झाली ती पोकलेन खाणीत उतरल्यावर.

बोईसरच्या पूर्वेला नागझरी, लालोंडे, किराट या पट्ट्यातला दगड म्हणजे दख्खनचा काळा बेसॉल्ट. घनमीटरभर अखंड कातळ पावणेतीन टनांच्या घरात जातो आणि सुरुंगानं नुकत्याच फुटलेल्या डबराच्या कडा सुऱ्यासारख्या असतात. भरलेली बकेट उंचावरून सुटली की साध्या पत्र्याचा तळ खचतो. रिकाम्या हौद्यात चढून पाहा: खाली आडवा चॅनेल आहे तिथे उंचवटा, दोन चॅनेलांच्या मध्ये खळगा. खळग्यात चुरा अडकतो, गाडी नीट रिकामी होत नाही. मग वेल्डर ठिगळ मारतो, पुढच्या वर्षी ठिगळावर ठिगळ. तेवढं वजन वाढतं आणि तेवढाच माल कमी बसतो, हे मालकाच्या फार उशिरा ध्यानात येतं.

पुढे जाड पत्र्याऐवजी कठीण पत्रा आला. स्वीडनचा हार्डोक्स इथल्या बॉडीवाल्यांच्याही तोंडी बसला. चौकोनी पेटीच्या जागी गोलसर बुडाचा हौदा आला. त्यात दगड आदळण्याऐवजी घसरतो. केबिनवर छप्पर आलं. पण मला सर्वांत पटलेली युक्ती फुकटातली आहे. क्रशरचा जुना कन्व्हेयर बेल्ट कापून मडफ्लॅप करायचा. चाकाखालून उडालेला दगड त्यावर आपटून खाली पडतो, पत्र्याला लागत नाही.

गाडीच्या पोटाची गोष्ट वेगळी. खाणीच्या उतारावर वर आलेला एखादा दगड तेलाचं चेंबर फोडतो, म्हणून खाली प्लेट मारतात. ती काढून धुतली नाही तर चिखल साचतो आणि तेलाची गळती दिसतच नाही. मागच्या जोडटायरांत अडकलेला दगड तर मागून येणाऱ्यालाही घातक. जुने ड्रायव्हर खाणीतून बाहेर पडताना टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, तो उपसून काढत. काही गाड्यांना दोन टायरांच्या मध्ये लोंबणारी सळई असते, ती हे काम आपोआप करते. २०२० मध्ये बीएस-सहा लागू झालं आणि सायलेन्सरच्या भानगडीत युरियाची टाकी, नळ्या, सेन्सर यांची भर पडली. म्हणजे दगड लागायला नवी नाजूक ठिकाणं.

किनाऱ्यालगत खारा वारा, त्यात एमआयडीसीची हवा. रंगाचा टवका उडाला की गंज धरायला इथे फार दिवस लागत नाहीत.

२०१८ मध्ये दहाचाकीचं परवानगीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टन झालं. दरम्यान पालघर जिल्ह्यातून मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग यांची कामं निघाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. दगड हवा, तोही घाईनं. फेरीवर पैसे मिळत असतील तर टॉमी घेऊन खाली कोण उतरणार?

पत्रा कितीही कठीण घ्या, तळाचं आयुष्य ठरतं ते पोकलेनवाल्याच्या हातात. पहिली बकेट बारीक मालाची, तीही हौद्याच्या तळाशी नेऊन सोडलेली, आणि मोठे धोंडे त्यावर. एवढं केलं तर वेल्डरकडची निम्मी कामं होणारच नाहीत, असं माझं मत आहे. खाणमालकांनी फेऱ्यांच्या हिशेबात ऑपरेटरला तेवढं एक मिनिट मोजून द्यावं.