एक पत्ता, अनेक नांवें

राबाची भाजणी आटोपून डोळे मृगाकडे लागले, कीं शेतकऱ्याची बियाण्याची, औषधांची व अवजारांची खरेदी सुरू होते. या कामासाठीं पूर्वीं कर्जत-नेरळचा बाजार गांठावा लागे. आतां मोबाइलवर मागणी नोंदविली कीं माल भिवपुरीस घरपोंच येतो. या सोयीशीं आमचें वैर नाहीं. व्ही. पी. नें माल मागविण्याची चाल या देशांत १८७७ सालीं सुरू झाली, आणि पुडकें फोडल्यावर आंत भलताच जिन्नस निघाल्याची तक्रारही कांहीं नवी नव्हे. परंतु या तक्रारीस सांप्रत एक निराळा फांटा फुटला आहे, त्याविषयीं वाचकांस सावध करणें अवश्य वाटतें.

आमच्या परिचयाच्या एका शेतकरी बंधूंनीं भात निघाल्यावर दहा गुंठ्यांत दुधी लावण्याचें ठरविलें. मोबाइलवर तीन कंपन्यांचे भाव ताडून पाहिले, आणि फार स्वस्तांत फसगत व फार महागांत उधळपट्टी, या हिशेबानें मधल्या भावाचीं पाकिटें मागविलीं. बियाण्याचा तिसरा हिस्साही उगवला नाहीं. तक्रार केली, तिला उत्तर नाहीं. तेव्हां त्या कंपनीस रामराम ठोकून त्यांनीं दुसऱ्या कंपनीचें बियाणें चढ्या भावानें आणविलें. त्याचीही तीच गत झाली. एके दिवशीं पडवींत बसून दोन्ही पाकिटें शेजारीं ठेवून वाचूं लागले, तों पत्ता एकच! इमारत तीच, मजला तोच, गाळ्याचा क्रमांकही तोच. तिसऱ्या कंपनीचा पत्ता शोधला, तोही तोच निघाला. तोंवर पौष उजाडला होता. बियाण्याचे पैसे थोडके. पण दोन वेळची मशागत, खत, मजुरी आणि हातचा गेलेला हंगाम हें सारें कोण भरून देणार?

आतां एका पत्त्यावर अनेक कंपन्या असणें हा गुन्हा आहे काय? मुळींच नाहीं, आणि याचा दाखला भिवपुरीकरांस दूर शोधावा लागत नाहीं. आपल्या भिवपुरीचें वीजघर १९२२ सालीं सुरू झालें, तें आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनीचें. खोपोलीचें १९१५ चें वीजघर टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीचें, आणि भिऱ्याचें १९२७ चें टाटा पॉवर कंपनीचें. कंपन्या तीन, पण त्यांचा कारभार मुंबईच्या एकाच बॉम्बे हाऊसमधून चाले. पुढें २००० सालीं तिन्ही एकत्र झाल्या. ठोकरवाडीचें पाणी घाटाखालीं आणणारा धनी कोण, हें मात्र कोणापासून लपविलेलें नव्हतें. त्याच वीजघरांतून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याकांठीं उन्हाळी भात पिकत आलें. कंपनीच्या नांवावांचून त्या भाताचें कांहीं अडलें नाहीं. परदेशांत तर याहून नवल. अमेरिकेंत विल्मिंग्टन शहरीं एका बसक्या इमारतीच्या पत्त्यावर अडीच लक्षांहून अधिक कंपन्यांची नोंद असल्याचें २०१२ सालीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें होतें.

शिवाय पुडक्यावरचा भिवंडीसारखा पत्ता पुष्कळदां विक्रेत्याचा नसून ऑनलाइन बाजार चालविणाऱ्या संस्थेच्या गोदामाचा असतो. तेथें अनेक व्यापाऱ्यांचा माल एका छपराखालीं पडलेला असतो. कंपनीच्या नोंदणीचा पत्ताही कित्येकदां तिच्या हिशेबनिसाच्या कचेरीचाच असतो. एवढ्यावरून कोणास लबाड ठरवूं नये.

खोड आहे ती निराळीच. एकच मालक तीन पाट्या लावून बसला, म्हणजे आपण तीन दुकानांचे भाव ताडून पाहिले असें गिऱ्हाइकास वाटतें, आणि वस्तुतः तिन्ही भाव एकाच माणसानें मांडलेले असतात. एका नांवावर वाईट शेरे फार सांचले, कीं तें मिटवून दुसरें कोरें नांव उघडतां येतें. तक्रारीची वेळ आली, कीं हा म्हणतो माल त्या कंपनीचा, आणि ती कंपनी तर बंद झालेली! गांवच्या दुकानदारास हें साधत नाहीं, कारण पाटी बदलली तरी तोंड तेंच राहतें.

जेथें तोंड दिसत नाहीं तेथें क्रमांक पाहावा. जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचीं दहा अक्षरें मालकाच्या पॅनचीं. दोन नांवांच्या बिलांवर हीं दहा अक्षरें जुळलीं, तर दोन्ही दुकानें एकाचींच समजावीं. न जुळलीं म्हणून मालक निराळे, असें मात्र होत नाहीं. प्रत्येक कंपनीस स्वतंत्र पॅन असतो, आणि एक इसम अनेक कंपन्या काढूं शकतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घातला असतां कायदेशीर नांव, व्यापारी नांव, नोंदणीची तारीख आणि ती नोंदणी चालू कीं रद्द, हें फुकट पाहावयास मिळतें. जीएसटीच मुळीं १ जुलै २०१७ पासूनचा, तेव्हां जुन्या पेढीची तारीखही त्या सुमाराची असूं शकते. परंतु पंचवीस वर्षांची पेढी म्हणून मिरविणाराची नोंदणी गेल्या दिवाळीची निघाली, तर थोडें थांबून विचारपूस करावी.

बियाण्यावर जीएसटी नाहीं, म्हणून केवळ बियाणें विकणाराकडे हा क्रमांक नसणें शक्य आहे. तेथें परवाना विचारावा. १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशान्वयें विक्रीचा परवाना व गिऱ्हाइकास पावती, या दोन्ही गोष्टी विक्रेत्यास चुकत नाहींत. कीटकनाशकें ऑनलाइन विकण्यास नोव्हेंबर २०२२ मध्यें मोकळीक मिळाली, तीही परवानाधारकांसच.

२०२० च्या जुलैमध्यें ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम निघाले. त्यांप्रमाणें ऑनलाइन बाजारानें प्रत्येक विक्रेत्याचें नांव, पत्ता व संपर्काचा क्रमांक दाखविला पाहिजे. खरेदीनंतर गिऱ्हाइकानें लेखी मागितल्यास विक्रेत्याच्या मुख्य कचेरीचा व शाखांचा पत्ताही दिला पाहिजे. तक्रारीची पोंच अठ्ठेचाळीस तासांत आणि निकाल एक महिन्यांत, असें बंधन आहे. ही लेखी मागणी करणारे शेतकरी आमच्या पाहण्यांत फारसे नाहींत.

बियाणें विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यांत स्पष्ट केलें. २०१९ च्या कायद्यानें आपण राहतों त्याच जिल्ह्यांत दावा लावतां येतो. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असो कीं सुरतेचा, आपणांस अलिबागेच्या जिल्हा ग्राहक आयोगापलीकडे जावयास नको. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाहीं. प्रथम सल्ला हवा असल्यास १९१५ या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

आमच्या बंधूंच्या हातून एक चूक झाली. पहिल्या वेळीं बियाणें उगवलें नाहीं, तेव्हां त्यांनीं घाईनें जमीन पुन्हां नांगरली, आणि पाहणीस कांहींच उरलें नाहीं. दुसऱ्या वेळीं मात्र औत घालण्यापूर्वीं तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, समितीकडून वाफ्यांची पाहणी व पंचनामा करविला आणि छायाचित्रेंही घेतलीं. दोन्ही पाकिटें, दोन्ही बिलें व मूठभर उरलेलें बियाणें त्यांनीं फडक्यांत बांधून माजघराच्या तुळईस टांगून ठेविलें आहे. अर्जाबरोबर तें गाठोडें अलिबागेस जावयाचें आहे.